विहिरीचा अर्ज

एम.ए. इतिहासाच्या बहिःस्थ परीक्षेला दरवर्षी माझ्या पुढच्या बाकावर तहसील कचेरीतला एक कारकून असायचा. पेपर हातात येईपर्यंत तो "औंदा निघाय पायजे ओ," एवढंच सारखं पुटपुटायचा.

त्या वर्षी संस्थानकाळातले कागद छापून त्यांवर निबंध मागितला होता. त्यात गावाबाहेरच्या वस्तीनं विहिरीवर पाणी भरू द्यावं म्हणून केलेला अर्ज होता. तो त्यानं इतक्यांदा वाचला, की माझाच जीव टांगणीला लागला. शेवटी त्यानं दोनच ओळी खरडल्या.

बाहेर आल्यावर विचारलं, "निबंध?"

"हात सवयीचा ओ. 'मंजुरीस हरकत नाही' लिवलं आन् सही ठोकली."

मग तो घाम पुसत म्हणाला, "पर तवा पानी दिलं आसंल न्हवं त्यास्नी?"