नामदेवच्या फ्लेक्सवरची गाडी

ज्या माणसाला कारमध्ये बसलं की उलटी व्हायची, त्याला मेल्यावर कारला टेकवून उभं केलंय.

वडीगोद्रीच्या फाट्यावर फ्लेक्स लागलाय. 'भावपूर्ण श्रद्धांजली.' खाली गावातल्या तमाम युवा नेत्यांचे फोटो. सगळे हसतायत.

मधोमध माझा दोस्त नामदेव. मागं बंगला, शेजारी पांढरी चकाचक गाडी.

बंगला त्याचा नाही. गाडी कुणाची, ते फ्लेक्सवाल्यालाच ठाऊक.

मला किळस आली. दुसरा शब्द सापडत नाही. रोज दुकान उघडायला जाताना ते थोबाडासमोर येतं.

मी सलीम. फाट्यावर माझं टेलरिंगचं दुकान आहे. नामदेव शेतकरी, शाळेपासूनचा माझा बाकावरचा जोडीदार. झोपेतच गेला. आज त्याचा दहावा झाला.

बंद काचा, एसी आणि डॅशबोर्डवरच्या त्या अत्तराच्या बाटलीचा वास, हे तिन्ही एकत्र आले की नामदेव संपला. पोराच्या लग्नात सजवलेल्या गाडीत त्यानं काय करून ठेवलं, ते पाहुण्यांना अजून आठवत असेल.

एसटीत मात्र राजा. खिडकी सताड उघडी, गार वारा, आणि शेजारच्याची सगळी खानदानी चौकशी.

मागच्या हिवाळ्यात त्याच्या डोक्यात समुद्र शिरला.

"सल्या, साठी उलटून गेली, समुद्र पाह्यला न्हाई आपण. चल."

त्याचा मोठा पोरगा गणेश लगेच म्हणाला, "अप्पा, मोठी गाडी लावून देतो, ड्रायव्हरसकट. एसटीनं गेले तर लोक मला काय म्हणतील?"

"मला समुद्र पाह्यचाय. ड्रायव्हरची मान न्हाई."

झालं. गेलो बसनं.

पुण्याला बस बदलली, घाट उतरून कोकणात पोचलो. तिथून पुढं गावातल्या छोट्या बसेस. प्लॅनिंग शून्य. नामदेव प्रत्येक कंडक्टरला एकच विचारायचा, "समुद्र पाह्यला कुठं उतरावं?"

स्टँडवरच्या मुताऱ्यांबद्दल लिहीत नाही. कुणी जेवता जेवता वाचत असेल.

एका बसमध्ये मासळीच्या टोपल्याच टोपल्या. नामदेव माळकरी. नाकाला रुमाल लावून बसला. टोपलीवाली मावशी खवळली, "काका, एवढा वास येत असेल तर टपावर जाऊन बसा!"

मी म्हटलं, आता भांडण. तर हा रुमाल काढून तिला विचारतो, "मावशी, तुमच्या गावात राह्यला खोली मिळंल का?"

मिळाली. तिच्याच बहिणीकडं. नामदेवसाठी वेगळ्या भांड्यात वरणभातही शिजला. कारनं गेलो असतो, तर ती मावशी काचेच्या बाहेरच राहिली असती.

दुसऱ्या दिवशी पुन्हा गावची बस पकडली. एका किनाऱ्यावर पर्यटकांची मोठी गाडी थेट वाळूत घुसलेली. चाकं रुतलेली, भरतीचं पाणी दाराला लागलेलं आणि आत डीजे चालू! नामदेव हसता हसता खालीच बसला. मग पायजमा वर करून धक्का मारायलाही तोच पुढं.

शेवटच्या स्टॉपला बस वळायला थांबली तेव्हा कंडक्टरनं आमचा फोटो काढला. मागं समुद्र, कडेला लाल बस, दोघांचे पायजमे ओले. नामदेवचा हात माझ्या खांद्यावर.

फ्लेक्सवर तोच फोटो आहे.

समुद्र काढला. बस काढली. मला काढलं.

माझ्या खांद्यावरचा त्याचा हात उचलून गाडीच्या बॉनेटवर ठेवलाय.

मी गणेशकडं गेलो. "बेटा, फोटो कापला?"

"चाचा, तसं काही न्हाई. लाल डब्याचा फोटो बराबर दिसना. मोठे मोठे लोक येऊन राह्यलेत दहाव्याला. स्टेटसचं पाह्यलाच लागतं."

बस कापली ती स्टेटससाठी. मला कशासाठी कापलं? मी विचारलं नाही. माझ्या डोक्यावर टोपी होती फोटोत. उत्तर ऐकायची हिंमत झाली नाही.

थू असल्या स्टेटसवर.

आज दहाव्याला गोदावरीवर गाड्यांची रांग होती. भाषणंही झाली. 'अप्पांचं राहणीमान कसं उच्च होतं' यावर एक साहेब बराच वेळ बोलले. मला तिथं थांबवेना.

दुपारी नामदेवच्या घरी गेलो. नामदेवची बायको, कौसावहिनी, बायांच्या घोळक्यात बसली होती. मला पाहून म्हणाली, "सलीमभाई, त्या फोटोत यांचा हात गाडीवर कसा काय हो? हे तर गाडीला शिवत न्हवते."

मी खिशातला फोटो दिला. पूर्ण फोटो, कागदावर काढून आणलेला.

तिनं तो डोळ्यांजवळ धरला.

"हे पांढरं काय?"

"फेस आहे, वहिनी. लाटेचा."

"एवढा?" मग तिनं त्या फेसावरून बोट फिरवलं. "मला म्हणले होते, पुढच्या खेपंला तुला नेतो. बायांना अर्धं तिकीट आहे म्हणले."

मी रडलो. चारचौघींत, बिलकुल लाज न बाळगता.

गणेश दारात उभा होता. म्हणाला, "आई, समुद्रच पाह्यचा ना? वरीस सरू दे, मंग मोठी गाडी लावून देतो तुला."

वहिनीनं फोटोवरून नजर काढली नाही.

"तू लावलेली गाडी पाह्यली मी. फाट्यावर."

गणेश निघून गेला.

नामदेव, वर्ष सरलं की मी, माझी रुबीना आणि वहिनी निघतो. बसनं.

पूर्ण फोटो खाली टाकलाय. पोस्ट डिलीट करा म्हणून मला कुणीही फोन करू नये.

खुदा हाफिज, दोस्ता. नीट जा.