शेवंताबाईंचं मोताळा

शेवंताबाई परातीत ज्वारीचं पीठ घ्यायच्या, तळव्याने सपाट करायच्या आणि त्यावर बोटाने अक्षर काढायच्या. मगच त्यात पाणी पडायचं. "आधी अक्षर, मंग भाकर," म्हणायच्या. भुकेली नातवंडं ताटल्या वाजवत बसली तरी हा क्रम चुकला नाही.

नवऱ्याच्या नोकरीपायी मी सावंतवाडीहून थेट बुलढाण्याला आले, तेव्हा महाराष्ट्र नुकताच झाला होता. शाळा चौथीत सुटलेली. सातवी व्हायचं मनात होतं, पण पुस्तक उघडलं की भीती वाटे आणि मी ते लगेच मिटून ठेवी. इथली बोलीही समजेना. शेजारच्या शेवंताबाईंनी मला जवळ केलं.

त्यांची लेक मोताळ्याला दिलेली. मोताळ्याची गाडी त्या ड्रायव्हरच्या मिशांवरून ओळखायच्या. एकदा मिशीवाल्याची ड्यूटी बदलली आणि बाई शेवयांच्या गाठोड्यासकट भलत्याच गावी, धाडला उतरल्या. मुलगा म्हणाला, "माय, आता एकटी जाऊ नको." पण लेकीला पुन्हा दिवस गेले होते. पहिलं मूल हाती लागलं नव्हतं, आणि तेव्हा शेवंताबाई तिच्याजवळ नव्हत्या.

त्या माझ्याकडे आल्या. "मले गाडीची पाटी वाचाले शिकव."

"मी चौथीच शिकलेय हो."

"मंग माह्यापुरतं लई झालं. काऊन भेतं वं? सारं नको सांगू. आजचं एक सांग."

विळा धरलेलं ते बोट 'म'ला वळेना. तरी रोज पिठावर फिरायचं. तापाने फणफणल्या, तर सुनेला परात अंथरुणाशी आणायला लावली. "ताप अंगात हाये, बोटात नाही!" मोताळा जमलं तसं 'धाड'ही मागून घेतलं. "ज्या गाडीत बसाचं नाही, तेबी वाचता आलं पाह्यजे."

कळा सुरू झाल्याचा निरोप आला तेव्हा मुलगा परगावी होता. मी त्यांच्याबरोबर स्टँडवर गेले. दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या. मी सांगणार, तोच त्यांनी माझा हात दाबला. ओठ हलले. "मो... ता... ळा!"

कंडक्टरने विचारलं, "मावशी, संगं कोन हाये?"

"कोनी नाही. एकटीच चालली. पाटी वाचून!"

सारी गाडी वळून बघायला लागली. खिडकीतून मला म्हणाल्या, "आता तू पुस्तक घेऊन बस. सकाळी चूल पेटली का एक पान. सातवी मोठी अशीन, पान तं लहान हाये ना?"

नात जन्मली तेव्हा शेवंताबाई लेकीच्या उशाशी होत्या. मी दुसऱ्या सकाळपासून चुलीपुढे पुस्तक घेऊन बसू लागले. भीती गेली नाही, पण पान रोज उलटत गेलं. सातवीचा निकाल लागला, त्या दिवशी मी आधी शेजारी जाऊन सांगितलं. शेवंताबाई पिठाच्या हातांनीच रस्त्यावर धावल्या आणि दिसेल त्याला थांबवून सांगू लागल्या, "आयका हो, माही मास्तरीण पास झाली!"