एका देवकाची दोन खोकी

परशुराम दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान. दरवर्षी भात पिकवतात, तरी रामनगरात त्यांना शेतकरी म्हणून कोणी ओळखत नाही. ओळखतात ते लग्नं जमवणारा माणूस म्हणून. लोंढ्यापासून पार नंदिगड्ड्याच्या रानातल्या घरांपर्यंत, जीपच्या मागच्या फळीवर बसून त्यांनी जितक्या सोयरिकी जुळवल्या, तितक्या पंपाच्या मोटारी माझ्या वाइंडिंगच्या दुकानात कधी आल्या नसतील. त्यांच्या डोक्यावरची पांढरी टोपी आंघोळीला आणि झोपताना तेवढी खाली येते. एरवी ती टोपी आणि तिच्याखालचं मत, दोन्ही जागची हलत नाहीत.

लग्न जमलं की मध्यस्थाला मांडवात टोपी, टॉवेल आणि नारळ द्यायची आमच्याकडे रीत आहे. अक्काच्या ट्रंकेत टॉवेल इतके साठलेत की तिनं अलीकडे त्यांचे परकर शिवायचा विचार बोलून दाखवला. दाजींना तो विनोद आवडला नाही. मानाच्या बाबतीत त्यांना कसलाच विनोद आवडत नाही.

आणि अशा माणसाच्या एकुलत्या एका मुलानं, महेशनं, आपलं लग्न आपणच जमवलं. मुलगी धारवाडची, कानडी घरातली, कॉलेजात बरोबर असलेली. नाव रक्षिता. दाजी एवढंच म्हणाले, "जुळत न्हाई." लग्नाला आले, एका कडेला बसले, जेवले आणि टोपी-टॉवेलाविना घरी परतले. महेश दांडेलीत कामाला, आठवड्यातून एकदा येणार. रक्षिता इथंच राहिली, मराठी शिकली, अक्काबरोबर पापड लाटू लागली. पण दाजी तिच्याशी बोलायचे ते अक्कातर्फे. "तिला विचार, लाइट गेली काय?" असं, ती समोर उभी असताना. माझ्या बहिणीनं एवढी निरोप्याची कामं केली की एखाद्या टपाल्यानं राजीनामा दिला असता.

रक्षिता हुबळीच्या एका इंजिनिअरच्या ऑफिससाठी घरबसल्या कॉम्प्युटरवर घरांची चित्रं काढते. बांधायच्या आधीच घर पडद्यावर उभं करते, आतबाहेर फिरवून दाखवते. ह्या साली तिच्या लॅपटॉपनं मान टाकली. एक घर फिरवायला घेतलं की मधे चहा होऊन जायचा. ऑफिसनं कळवलं, सोमवारपासून मोठं काम सुरू होतंय. घरात दमदार कॉम्प्युटर बसवा, नाहीतर इथं हुबळीला येऊन बसा. महेश म्हणाला, मग मीही तिकडंच नोकरी बघतो.

अक्काचं जेवणातलं लक्ष उडालं. दाजी म्हणाले, "जाऊ देत की. काम हाय तिकडं जायालाच पायजे." एवढं बोलून ते शेतावर गेले आणि बांधावर नुसते बसून राहिले. हे मला गड्यानं सांगितलं, म्हणून ठाऊक. मुलानं घर सोडू नये असं त्यांच्या पोटात होतं, आणि ते ओठावर आणायला त्यांची जीभ वळत नव्हती. दुसऱ्यांच्या घरी जाऊन चार तास बोलणारा माणूस हा!

रक्षितानं ठरवलं, कॉम्प्युटर घरीच जोडायचा. अक्काला ती समजावून सांगत होती आणि दाजी शेजारी पेपर वाचत होते, म्हणजे तोंडापुढं धरून बसले होते. मीही होतो.

"तयार घेतला तर ह्या कामाला पुरत नाही, आत्ती," ती तिच्या पुस्तकी मराठीत म्हणाली. "एकेक भाग निवडायचा आणि एकमेकांशी जुळवायचा. एक जरी जुळला नाही तर बाकीचे असून उपयोग नाही."

'जुळवायचा' म्हटल्याबरोबर पेपर खाली आला.

"कुणाला कुणाशी जुळवायचं?" दाजींनी विचारलं. तिलाच, सरळ. अक्काच्या हातातलं लाटणं थांबलं.

रक्षितानं सांगितलं. विचार करतो तो प्रोसेसर. सगळे ज्याच्यावर बसतात तो बोर्ड. हातातलं काम ज्याच्यात मांडून ठेवायचं ती रॅम. सगळ्यांना वीज वाटून देणारा डबा वेगळा, आणि राहायला पेटी.

"ह्यो प्रोसेसर तापट हाय काय?"

"खूप तापतो, मामा. म्हणून त्याच्या डोक्यावर पंखा बसवतात."

"मग बोर्ड थंड सोभावाचा बगायला पायजे," दाजी म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत नव्या स्थळाची चमक आली होती. "मी उद्या बेळगावलाच चाललोय, एका पोरीचं बगायला. येताना आनतो."

रक्षितानं बेळगावच्या दुकानदाराला, विनोदला, फोन करून सगळं नीट सांगून ठेवलं. कुठला प्रोसेसर, कुठला बोर्ड, कुठली रॅम. हे सगळं एका पिशवीत बांधून ठेवायचं होतं; पेटी, विजेचा डबा आणि पडदा महेश दांडेलीहून आणणार होता. दाजींनी पिशवी उचलायची आणि बसमध्ये बसायचं, बस्स. एवढं सोपं काम दाजींना देणं हीच मुळात चूक होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी त्यांच्याकडे यूपीएस घेऊन गेलो होतो. आमच्याकडे लाइट नांदायला येत नाही, नुसती माहेरपणाला येते, त्यामुळे कॉम्प्युटरला तो आधी लागतो. दाजी बसमधून उतरून आले ते पिशवी पोटाशी धरून. खानापूरच्या पुढच्या रस्त्यावर स्वतःची कंबर मोडून घेतली होती, पण खोक्यांना धक्का लागू दिला नव्हता. एकेक खोकं बाहेर काढून त्यांनी टेबलावर मांडलं आणि बोर्डाचं खोकं रक्षितापुढं सरकवलं.

"त्यो पोरगा फसवाय बगत हुता. प्रोसेसरच्या खोक्यावर जी खून, तीच बोर्डाच्या खोक्यावर. म्हंजे एका देवकाचे! एका देवकात सोयरीक हुतिया व्हय? मी बोर्ड बदलून आनला. चांगल्या घरचा, निराळ्या खुनंचा."

आमच्यात देवक एक निघालं की लग्न होत नाही, बोलणी तिथंच संपतात. दाजींनी आयुष्यभर हा एक नियम कधी चुकवला नाही. विनोदनं बिचाऱ्यानं विरोध केला होता, हे मला नंतर कळलं. "काका, हे दोन एकमेकांत बसत नाहीत," असं तो म्हणाला, तर दाजींनी त्याला विचारलं, "तुझं लगीन झालंय काय?" तो नाही म्हणाला. "मग तुला काय कळतंय सोयरिकीतलं?" वर त्याला खानापूरकडची एक मुलगी बघून द्यायचं कबूल करून आले. पोरगा फक्त म्हणाला, खोकं फोडू नका म्हणजे बदलता येईल.

रक्षितानं खोकं हातात घेऊन फिरवून बघितलं. कॉम्प्युटरमधलं मला काही कळत नाही, पण माणसाचं तोंड कळतं. तिचा चेहरा उतरला. आज शुक्रवार होता आणि सोमवारी काम सुरू होणार होतं. तिनं खोकं उघडलं नाही. "चहा ठेवते, मामा," म्हणाली आणि आत गेली.

आतून तिचा फोन ऐकू आला. महेशशी कानडीत बोलत होती. आपल्याला कळणार नाही असं तिला वाटलं असेल, पण आमच्या जोयडा तालुक्यात जन्मलेल्या माणसाला कानडी कळत नाही हे कसं व्हायचं? ती सांगत होती, बोर्ड दुसराच आलाय, प्रोसेसर त्यात बसायचा नाही. ह्या कंपनीचा प्रोसेसर घेतला की त्याच खुणेचा बोर्ड लागतो. महेशनं काहीतरी विचारलं असावं. ती म्हणाली, "छे, मामांनी नाही, दुकानदारानं चुकून दुसरा दिला. मामांना काही बोलू नकोस. ते बिचारे एवढ्या लांबून मांडीवर घेऊन आलेत."

मी दाजींकडे बघितलं. त्यांनी टोपी काढली, झटकली आणि परत घातली. चहा आला. त्यांनी तो शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला आणि कप स्वतः उचलून आत नेऊन ठेवला. हे दृश्य माझ्या बहिणीनं लग्नानंतर पहिल्यांदा पाहिलं.

मला म्हणाले, "गुणा, उद्या पयल्या गाडीनं बेळगावला जायाचं. तू चल."

बसमध्ये दाजींनी शेजारच्या माणसाला मुली किती, मुलगे किती, हेसुद्धा विचारलं नाही. मला काळजी वाटू लागली. त्यांना डिवचायची आयती संधी होती आणि माझ्याच्यानं ती साधवेना.

विनोदनं आम्हांला बघून मान खाली घातली. त्याला वाटलं, भांडायला आले. दाजींनी पूर्ण पिशवीच आणली होती, त्यातलं बोर्डाचं खोकं काउंटरवर ठेवलं.

"काल मी चुकलो. सुनंनं निवडलेला द्या."

'सुनंनं' हा शब्द मी त्यांच्या तोंडून प्रथम ऐकला. सांगायला एवढ्या लांब बेळगावात आले. विनोदनं लगेच बोर्ड बदलून दिला आणि धीर आल्यावर समजावूनही सांगितलं, की प्रोसेसर आणि बोर्ड ह्यांची खूण एकच बघायची, आणि शिवाय बोर्डावरची बसायची जागा त्याच नमुन्याची बघायची.

"म्हंजे आमचा कायदा हितं उलटा," दाजी म्हणाले. "आनि ही रॅम? हिच्यावर तर तिसरीच खून हाय. हिलाबी बदलू काय?"

"नाही काका. रॅम कुठल्याही घरची चालते. पिढी बोर्डाला चालणारी पाहिजे आणि ही खाच जुळली पाहिजे. बघा." त्यानं रॅमची पट्टी दाखवली. खालच्या कडेला एक बारीक खाच होती.

दाजींनी चष्मा लावून ती खाच पुष्कळ वेळ बघितली. "कुठल्याबी घरची?" त्यांनी पुन्हा विचारलं.

"कुठल्याही. आणि काका, ते खानापूरच्या स्थळाचं..."

"बगतो, बगतो," दाजी म्हणाले. पण लक्ष पट्टीवरच होतं.

रविवारी महेश घरी होता. टेबलावर अक्कानं धुतलेली चादर अंथरली, त्यावर सगळे भाग मांडले. रक्षितानं प्रोसेसर बोर्डावरच्या चौकोनात ठेवला, तो न दाबता अलगद बसला. वर पंखा चढला. मग तिनं रॅमची पट्टी दाजींच्या हातात दिली. "तुम्ही बसवा, मामा. खाच बघून."

दाजींनी चष्मा लावला. त्यांनी खाच बघितली, पट्टी उभी धरली, दोन्ही टोकांना दाबली. टक् असा आवाज झाला. दाजी दचकून म्हणाले, "मोडलं काय?"

"जुळलं," रक्षिता म्हणाली.

बटण दाबलं. पंखे फिरले, पडदा उजळला. बाकीची जोडाजोड, प्रोग्रामांचा भरणा होईस्तोवर दुपार झाली. मग तिनं हुबळीच्या कामातलं एक घर उघडलं आणि फिरवलं. अंगण, सोपा, वरची गच्ची, सगळं न अडखळता फिरलं. आम्ही सगळे मान वाकडी करून बघत राहिलो. अक्कानं विचारलं, "मग हुबळी?"

"आता नाही जायचं, आत्ती. काम इथूनच होतंय."

अक्का पदरात तोंड घालून रडली. दाजी खिडकीबाहेर बघत होते, तिथं बघण्यासारखं काही नव्हतं.

रक्षिता आत जाऊन ताट घेऊन आली. ताटात नवी कोरी टोपी, टॉवेल आणि नारळ. शनिवारी बाजारातून आणून ठेवलं होतं म्हणे. "बोर्डाचं आणि प्रोसेसरचं लग्न जमलं," ती म्हणाली. "मध्यस्थाचा मान."

आम्ही हसलो. दाजी हसले नाहीत. त्यांनी जुनी टोपी काढून टेबलावर ठेवली. नवी हातात घेतली, घडी उलगडली, नीट केली, आणि उठून ती रक्षिताच्या डोक्यावर ठेवली. टॉवेल तिच्या खांद्यावर टाकला आणि नारळ ओंजळीत दिला.

"ह्यो मान माझा न्हवं. ह्या दोघांचं तू जमवलंस, मी मोडाय निघालो हुतो," ते म्हणाले आणि थांबले. मग महेशकडे बघत तिलाच म्हणाले, "आनि ह्या घरातलंबी तूच जमवलंस. तवा मी जुळत न्हाई म्हनलो. खाच बगितलीच न्हाई, नुसतं घर बगत बसलो. तुझा मान तवापास्नं ऱ्हायला हुता, बाय."

रक्षिता टोपीसकट वाकून त्यांच्या पाया पडली, आणि टोपी पडेल म्हणून महेशनं ती हातानं धरून ठेवली.

"हुबळीला गेली असतीस तर घर खायाला उठलं असतं मला," दाजी तिला म्हणाले. सरळ तिलाच, अक्कामार्फत नव्हे.

आम्ही जेवायला बसलो. रक्षितानं टोपी काढली नव्हती, तशीच वाढत होती. दाजी पाटावर उघड्या डोक्यानं बसले. त्यांचं डोकं एवढं पांढरं झालंय हे मला तेव्हा दिसलं. अक्कानं टेबलावरची जुनी टोपी आणून त्यांच्यापुढं केली.

"ऱ्हाऊ दे," दाजी म्हणाले. "डोक्याला जरा वारं लागू दे."