ताईच्या गाडीचा बंपर

मिस्त्रीला स्वतःचं नाव होतं, पण ते फक्त विजेच्या बिलावर यायचं. बाकी सगळे त्याला ‘होऊन जाईल’ म्हणत. गिअर अडकू दे, दार लटकू दे, इंजिनातून धूर निघू दे, गिऱ्हाइकाचं बोलणं पुरं व्हायच्या आत हा म्हणायचा, "होऊन जाईल." आणि खरं सांगायचं तर दहातली नऊ कामं व्हायचीही. दहावं काम कसंबसं उभं राहायचं आणि त्यावर हा काळा रंग मारायचा. काळ्या रंगावर त्याचा फार विश्वास. साठी जवळ आली, गुडघे कुरकुरू लागले, बायको सांगून सांगून थकली, तरी पत्र्याच्या छपराखालचं ते गॅरेज आणि तोंडातलं ते वाक्य काही सुटलं नाही.

गॅरेजात येणाऱ्या सगळ्या गाड्यांत त्याची लाडकी गाडी एकच, ती म्हणजे ताईची. ताई त्याच्याहून पाच वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, तेव्हा याचं नाक पुसण्यापासून याचे पाढे घोकून घेण्यापर्यंत सगळं तिनेच केलं. पुढे भाऊजी गेले आणि तिच्या वाट्याला आली ती त्यांची जुनी, चारही चाकांना जोर असलेली, डोंगर चढणारी गाडी. रडत बसणं ताईच्या स्वभावात नव्हतं. तिने कंबर कसली आणि वरच्या वस्तीतल्या मुलांची शाळेत ने-आण करायला लागली. त्या वस्तीचा रस्ता म्हणजे नावाला रस्ता, बस तिकडे फिरकतसुद्धा नाही. बारा वर्षं ताई रोज दोनदा ती चढण चढत होती. सध्या गाडीत अकरा मुलं होती.

रविवारी सकाळी ताई आली ती कपाळाला आठ्या घालूनच.

"तपासणीवाला म्हणतो, पुढचा बंपर काढा. फार अवजड आहे, कुणाला धडकला तर तो माणूस उठायचा नाही. मूळचा साधा बंपर लावून उद्या सकाळी दाखवा, नाहीतर परवाना विसरा."

"एवढंच ना? होऊन जाईल," मिस्त्री म्हणाला. भंगारवाल्याकडून आणलेला मूळचा पट्टीचा बंपर त्याच्याकडे पडूनच होता.

"किती वेळ लागेल?"

"दोन तास. तू घरी जा, मी गाडी आणून लावतो."

"घरी जाऊन काय करू? बसते इथेच." आणि ती एका जुन्या टायरवर ऐसपैस बसली.

ती गेली असती तर बरं झालं असतं, असं मिस्त्रीला वाटलं. कारण तो बंपर त्यानेच बनवला होता आणि का बनवला होता हे त्याला पक्कं आठवत होतं.

बारा वर्षांपूर्वी ताईने गाडी आणून विचारलं होतं, "चालेल ना रे ही?" तेव्हा याने खाली वाकून पाहिलं. इंजिनाच्या पुढे चासीचे, म्हणजे गाडीच्या सांगाड्याचे, जे दोन दांडे येतात, ज्यांना बंपर बसतो आणि ज्यांना खालून पुढच्या चाकांचे स्प्रिंगचे पाटे लटकतात, ते दोन्ही गंजले होते. फार नाही, तळहाताएवढे. नीट काम करायचं तर इंजिन उतरवायचं, दांडे कापायचे, नवे जोडायचे. दोन महिने गेले असते. आणि ताईला सोमवारपासून मुलं न्यायची होती. मग याने जाड लोखंडाचा एक दांडगा बंपर बनवला. त्याला मागे हातभर लांब पट्ट्या सोडल्या, त्या दोन्ही दांड्यांना दोन्ही बाजूंनी बोल्टने आवळल्या, वर काळा रंग मारला. सुट्टीत नीट करू, असं त्याने मनाशी ठरवलं. बारा उन्हाळी सुट्ट्या आल्या आणि गेल्या. गाडी सुरळीत चालत होती, लोक बंपरचं कौतुक करत होते, आणि चालत्या गाडीला खीळ कोण घालतो? ताईला मात्र यातलं एक अक्षर त्याने सांगितलं नव्हतं.

असेल तेवढाच गंज, एखादा तुकडा जोडून टाकू, असं म्हणत त्याने पाना लावला. बोल्ट हलेनात. त्याने तेल सोडलं, थांबला, पान्यात पाइप घालून अंगाचा भार टाकला. एक बोल्ट कुरकुरत निघाला, बाकीचे गॅसने तापवून कापावे लागले. शेवटचा बोल्ट तुटला, बंपर जॅकवर टेकला आणि त्याच्याबरोबर लाल पोपड्यांचा ढीग जमिनीवर पडला. बॅटरीचा उजेड घेऊन तो खाली सरकला. डाव्या दांड्यावर त्याने हातोडी मारली. लोखंडाचा खणखणीत आवाज यायला हवा होता, तो आलाच नाही. त्याने पेचकस टेकवला आणि पेचकस मुठीपर्यंत आत गेला.

उजवीकडेही तीच गत. पट्ट्या आणि दांडे यांच्या फटीत बारा वर्षांचा चिखल बसला होता, तिथेच ओल धरून राहिला होता, आणि त्याने दांडे आतून खाऊन टाकले होते. ज्या पट्ट्या याने आधाराला म्हणून लावल्या, त्यांनीच घात केला होता. पाट्याचा कडीवजा हँगर उरल्यासुरल्या पापुद्र्याला धरून होता. नवा बंपर लावायला जागा नव्हती, जुना परत लावायलाही नव्हती.

मिस्त्री गाडीखालीच पडून राहिला. बाहेर यायचं म्हणजे ताईला तोंड दाखवायचं.

"काय रे, झोपलास की काय?" ताईने विचारलं.

तो बाहेर आला. "ताई, होणार नाही हे."

बारा वर्षांत काय, उभ्या जन्मात त्याच्या तोंडून हे ऐकलं नसल्यामुळे ताईला आधी ती थट्टा वाटली. "बरं, मग जुनाच लाव परत. तपासणीवाल्याशी मी बोलते."

"तोही लागणार नाही. बघ."

ताई गुडघ्यावर बसली. दांड्याला तिने बोट लावलं आणि चिमटीत लोखंडाचा पोपडा आला. तिने तो चुरडला. भाकरीचा करपलेला तुकडा चुरावा तसा त्याचा भुगा झाला. मग म्हणाली, "तू हा बंपर लावलास, तेव्हा होतं हे?"

खोटं बोलायची संधी होती. नाही म्हटलं असतं तर तिला ते खरं वाटलं असतं.

"होतं. थोडं."

"आणि हे तुटलं असतं तर?"

"पुढचं चाक गेलं असतं."

"चढणीवर?"

मिस्त्रीने मान हलवली. ताईने हात झटकले. तिने ओरडावं, पाना फेकून मारावा, काहीही करावं, असं त्याला फार वाटलं. ती एवढंच म्हणाली, "उद्या सातला मुलं कोपऱ्यावर येऊन उभी राहतील. चल, वर सांगून येऊ."

गाडी नव्हती, म्हणून दोघं पायी निघाली. मिस्त्री त्या रस्त्याने कित्येक वर्षांत गेला नव्हता. आता पावलागणिक त्याला खड्डे दिसत होते, आणि प्रत्येक खड्ड्यात डावं चाक, उजवं चाक. वरच्या वळणावर तर कठडाही नव्हता. खाली थेट दगडांची खाण. इथून रोज दोनदा अकरा मुलं गेली, गाणी म्हणत गेली, आणि आपण खाली बसून चहा पीत होतो. त्याला घाम फुटला तो चढणीचा नव्हता.

पहिलं घर शिवणकाम करणाऱ्या बाईचं, तिची दोन मुलं गाडीत असत. "अगंबाई, मिस्त्रीही आलेत! म्हणजे गाडी चकाचक झालेली दिसते," ती म्हणाली.

मिस्त्रीने तोंड उघडलं. तेवढ्यात ताई म्हणाली, "गाडी बंद केली मी. वय झालं, आता झेपत नाही."

बाईचा चेहरा पडला. "असं एकाएकी? आधी सांगायचं तरी! आता मी शिलाईवर बसू की मुलांना घेऊन हिंडू?"

"चुकलंच माझं," ताई म्हणाली.

दुसऱ्या घरी तेच, तिसऱ्या घरी तेच. कुणी हळहळलं, कुणी टोमणे मारले. गरज सरो नि वैद्य मरो, दुसरं काय! बारा वर्षांत एक दिवस उशीर न केलेली बाई दारोदार उभी राहून बोलणी खात होती आणि ज्याने ती खायला हवी होती तो तिच्या मागे चपलेने माती उकरत उभा होता. प्रत्येक दारी तो ठरवायचा, इथे सांगू. आणि प्रत्येक दारी ते पुढच्या दारावर ढकलायचा.

शेवटचं घर गवंड्याचं. त्याची मुलगी यंदा मोठ्या परीक्षेला बसणार होती. तो भडकलाच. "बाई, तुमच्या भरवशावर पोरीचं नाव त्या शाळेत घातलं आम्ही. अर्ध्या वर्षात हात वर करता? झेपत नव्हतं तर पोरं घ्यायची कशाला?"

ताईने मान खाली घातली. तिला मान खाली घातलेलं मिस्त्रीने आजवर पाहिलं नव्हतं.

"तिला बोलू नका," तो म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच ओळखू येईना. "चूक माझी आहे. गाडी आतून सडली होती. मला बारा वर्षांपासून माहीत होतं. मी दडपलं. तिला काही ठाऊकच नव्हतं."

गवंडी त्याच्याकडे बघत राहिला. मग त्याचा राग एकदम उतरला आणि तो हसला. "असू द्या मिस्त्री. बहिणीसाठी एवढं अंगावर घेता, आम्हाला काय कळत नाही? गाडी सडली असती तर तुम्ही रस्त्यावर सोडली असती होय? तुमच्या हातावर तर आम्ही पोरं सोपवली." आणि आत वळून बायकोला म्हणाला, "भाऊ असावा तर असा."

मिस्त्री पुन्हा सांगू लागला. पेचकस आत गेला हे सांगितलं, पट्ट्यांचं सांगितलं. गवंडी मान डोलवत, त्याच्या खांद्यावर थोपटत त्याला दारापर्यंत सोडायला आला.

दोघं उतरायला लागली. वळणापाशी मिस्त्री थांबला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचीही त्याला लाज वाटत होती.

"ताई, मी सांगितलं गं. खरं खरं सांगितलं."

"ऐकलं मी," ताई म्हणाली. "खाली बघून चाल. इथे पाय घसरतो."

तिने त्याचा दंड धरला आणि लहानपणी उतरवायची तसं त्याला एकेक पाऊल खाली उतरवू लागली. त्यापेक्षा तिने एक सणसणीत थोबाडीत दिली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. पण ताईने ती दिली नाही.