आवाजाची नस

सांगलीच्या हळद बाजारात तो लिलाव पुकारायचा. मी बातमीसाठी भाव घ्यायला जायचो. त्याचं ‘एक वार, दोन वार’ शेवटच्या गाळ्यापर्यंत ऐकू यायचं. नवा ढीग सुरू करण्याआधी तो गुळाचा खडा तोंडात टाकायचा.

थायरॉईड वाढल्यापासून तो वाळला होता आणि त्याचे हात थरथरायचे. गोळ्या घेतल्या की अंगावर पित्त उठायचं. डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सुचवली. थायरॉईडच्या गाठीमागून आवाजाची नस जाते, तिला क्वचित धक्का लागून आवाज जातो, हेही सांगितलं.

दुसऱ्या दिवशी त्याने तोंड न उघडता बोटांनी लिलाव चालवून पाहिला.

“आवं, आज मौन हाय व्हय?” एका व्यापाऱ्याने टोमणा मारला.

तिसऱ्या ढिगाला त्याने ‘दोन वार’साठी दोन बोटं दाखवली. थरथरत्या हातात त्या व्यापाऱ्याला तीन दिसली, ढीग आपल्यालाच सुटला असं तो म्हणाला आणि भांडण पेटलं.

“दोनच हुती, गड्या. हात माझा हालला,” तो शेवटी बोलला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, “बोटांचं काय खरं न्हाई. गाठ कापूनच घेतो.”

शस्त्रक्रियेनंतर मी भेटायला गेलो, तेव्हा डॉक्टर त्याला काहीतरी बोलायला सांगत होते.

“एक वार,” तो घोगऱ्या आवाजात म्हणाला.

दारात उभी असलेली त्याची बायको तेव्हा कुठे खाली बसली.