सुगरणीच्या घरट्यात दिवा

मंडळी, सकाळपासून डोकं फिरलंय. मी इलेक्ट्रिशियन. कुसगावात एका बंगल्यावर दिवे बसवायला गेलतो.

मॅडम कौतुकानं म्हणाल्या, "दादा, यंदा गणपतीच्या सजावटीत प्लास्टिक अजिबात नाही. सगळं नॅचरल!" विहिरीवरच्या बाभळीवरून सुगरणीची पाच घरटी कापून आणलेली. प्रत्येकात एक दिवा लावून ती छताला टांगायची.

होल्डर बसवायला एका घरट्यात बोटं घातली, तर आत तीन अंडी.

"अहो, टाका ना ती बाहेर," मॅडम म्हणाल्या.

मी म्हणालो, "आमच्याकडं पोरंसुद्धा गळून पडलेलं रिकामं घरटंच उचलतात, मॅडम." वायर गुंडाळली आणि तडक निघालो.

दुसऱ्याचं भरलं घर तोडून आपलं सजवायचं, आणि वर त्याला पर्यावरणपूरक म्हणायचं? जीभ तरी कशी रेटते हो?