कशाला-काकांची खुर्ची

घरगुती वस्तूंच्या त्या छोट्या दुकानात गिऱ्हाइकाला आधी उलटतपासणीला उभं राहावं लागे. नळाचा वॉशर मागा, दोरी मागा, कुकरची रिंग मागा, खुर्चीत बसलेले म्हातारे मालक चष्मा कपाळावर चढवून एकच विचारत, "कशाला?" गल्लीनं त्यांना कशाला-काका करून टाकलं होतं, आणि ते त्यांना ठाऊकही होतं.

दोरी कपडे वाळत घालायला हवी की माळ्यावरची पेटी बांधायला, हे कळेपर्यंत काका बंडलाला हात लावत नसत. बायकोनं रिंग आणायला पाठवलेल्या एका नवरोबांना कुकर किती लिटरचा ते सांगता येईना. काकांनी त्यांना झाकण आणायला घरी पिटाळलं, आणि रोज त्यातलंच जेवता ना, असंही वर सुनावलं. बिचारे झाकण बगलेत मारून भर रस्त्यातून आले. माणसं वैतागत, पण रिंग पहिल्या फटक्यात बसे आणि वस्तू बदलायला कुणी परत येत नसे. जिथून चुकीची वस्तू घरी जात नाही ते चांगलं दुकान, असं काका सांगत. कुणी विचारलेलं नसे, तरी सांगत.

मग काकांच्या गुडघ्यांनी संप पुकारला आणि दुकान सुनेच्या हातात गेलं. तिनं सगळा माल उघड्या रॅकवर मांडला, दाराशी टोपल्या ठेवल्या. काकांच्या खुर्चीच्या जागी फरशीपुसण्यांचा स्टँड आला आणि खुर्ची घरच्या व्हरांड्यात. काकांचे गुडघे महिन्याभरात बरे झाले, पण खुर्ची काही परत जाईना. त्यांचा सगळा जीव तिच्यात अडकला होता. ती दुकानात नाही म्हणजे आपण कुठेच नाही, असं त्यांना वाटे.

सुनेचा नियम सोपा होता. गिऱ्हाइकाला विचारायचं काही नाही, फक्त हसायचं. माणसं खुशीत चुकीचा वॉशर उचलून नेत, मग दुसरा चुकीचा नेत आणि तिसऱ्या खेपेला नेमका नेत. फोडलेलं पाकीट परत घ्यायची पद्धत नव्हती. जेवताना तिनं हे सगळं मोठ्या कौतुकानं समजावलं.

"याला दुकान म्हणतात?" काकांनी विचारलं.

"चालतं त्याला दुकान म्हणतात, बाबा."

मुलगा ताटात डोकं घालून जेवत राहिला. त्याचं मत दोघांनाही नको होतं.

पण गल्ली काकांना विसरली नव्हती. माणसं मुठीत मोडकी तोटी, गंजलेली कडी घेऊन व्हरांड्यात येऊ लागली. काका चष्मा वर चढवत, खोदून खोदून विचारत, माप सांगत. दोन महिन्यांत तिथं दरबार भरायला लागला. आपली माणसं शेवटी आपलीच, या विचारानं काकांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. सून एक दिवस खुर्ची न्यायला स्वतः येणार, याची त्यांना खात्रीच पटली.

एका सकाळी शेजारचे निवृत्त हेडमास्तर आले. काकांनी आदल्या दिवशी सांगितलेला वॉशर बरोबर आहे ना, एवढं त्यांना बघून हवं होतं. वॉशर अगदी बरोबर होता. तो ज्या पिशवीतून निघाला ती चौकातल्या नव्या मोठ्या दुकानाची होती.

"तिथं थोडं स्वस्त पडतं," हेडमास्तर निरागसपणे म्हणाले. "सगळे तिथूनच आणतात. फक्त त्यांना कळत काही नाही, म्हणून आधी तुमच्याकडे."

काकांना तोंडात मारल्यासारखं झालं. आत सून डबा भरत होती. तिनं सगळं ऐकलं.

"बाबा, तुम्ही चौकात बिनपगारी नोकरीला लागलात," ती म्हणाली आणि दुकानात निघून गेली.

दुपारी समोरची शिवणकाम करणारी बाई कुकरची फाटकी रिंग घेऊन आली. पाच लिटरची, बाहेरच्या झाकणाची, हे काकांना लांबूनच दिसलं. त्यांनी सांगितलं की मला यातलं कळत नाही, दुकानात विचारा. इतकं मोठं खोटं ते जन्मात बोलले नव्हते.

"दुकानात कुणाला कळतंय?" बाई म्हणाली.

काकांनी चपला घातल्या आणि तिला स्वतः आपल्या दुकानात घेऊन गेले. सून गल्ल्यावर होती. काकांनी खुंटीवरून नेमकी रिंग काढली. जरा थांबले. मग आणखी एक काढली.

"दोन कशाला?" बाईनं विचारलं.

"असू द्या. लागते."

जादा रिंग फळीवर पडून कडक होते आणि शेवटी फेकावीच लागते, हे काकांनी आजवर शंभर जणांना समजावलं होतं. बाईनं दोन्ही पिशवीत टाकल्या. काका चुकीचं देत नाहीत, हे तिला पक्कं माहीत होतं. काकांना तिच्याकडे बघवेना.

संध्याकाळी सुनेनं फरशीपुसण्यांचा स्टँड स्वतः ओढून बाजूला केला आणि खुर्ची आणवली. काका दुसऱ्या दिवसापासून तिच्यात बसू लागले. कुणी काहीही मागो, ते हसून काढून देतात. काका आता किती गोड झालेत, असं गल्लीत जो तो म्हणतो.